बिनपरवान्याची प्रार्थना

१२ जून

चर्चच्या अधीक्षकसाहेबांना सलाम. हा सलाम प्रभूच्या नावात आहे, तुझ्या खुर्चीच्या नावात नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे फायलीला लावताना घोटाळा नको.

तीन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही मला नाही. सूनबाई मधूनमधून फोन करते, "सगळं ठीक ना, आई?" विचारते, मी ठीक म्हणते, संपलं. आज लिहायला बसले, कारण पत्र आधी तुझं आलं. माझ्या नावावर नव्हे, मिशनच्या दवाखान्याच्या फाटकावर, चारी कोपऱ्यांना डिंक लावून.

मी नेहमीसारखी पिशवी घेऊन गेले होते. पिशवीत काय असतं तुला माहीत आहे. नेलकटर, तेलाची बाटली, जुना टॉवेल, चष्मा. वॉचमनने हात आडवा केला. वाईट माणूस नाही तो, स्वतःच खाली मान घालून म्हणाला, "आजी, आता कार्ड लागतं." कसलं कार्ड म्हटलं, तर त्याने कागदाकडे बोट दाखवलं. मी बोट ठेवून ठेवून वाचला. तीनदा वाचला. मंडळीचे दीक्षित पाळक आणि परवानाधारक भेट-समिती यांच्याखेरीज कोणीही वॉर्डात प्रार्थना, वचनवाचन, रुग्णावर हात ठेवणे अथवा तत्सम सेवा करू नये. तत्सम म्हणजे काय ते कळेना, म्हणून बाहेर आलेल्या वॉर्डच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही जे जे करता ते."

खाली सही तुझी. शिक्का नसता तरी ओळखली असती. पहिलीत होतास तेव्हापासून शेवटच्या अक्षराला शेपूट काढून सोडतोस.

एकतीस वर्षं त्या वॉर्डात जातेय मी, बाबा. त्यातली बावीस मी त्याच दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काढली. माझं अक्षर जे काही आहे ते चादरींच्या कोपऱ्यावर वॉर्डाचे नंबर घालून आलेलं आहे. शाळेने मला दुसरीतच बाहेर काढलं होतं, आता तू काढलंस.

कागदावर लिहिलंयस, सेवा ही पाचारण झालेल्यांनीच करावी. तुझं पाचारण मला ठाऊक आहे. सेमिनरीच्या अर्जात चार ओळींत लिहिलं होतंस, पोस्टात मीच टाकला. माझं पाचारण ऐक. मी वॉर्डात मळक्या चादरी गोळा करत होते. पाठीला फोड आलेली एक बाई पालथी पडून होती. मला म्हणाली, "बाई, जरा बसता का? नखं लागतात मला माझीच." मी बसले. दुसऱ्याची नखं कापताना गप्प राहता येत नाही, आणि समोरची बाईही गप्प राहत नाही. तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, आता माझ्यासाठी दोन शब्द बोला. मी बोलले. आकाशातून आवाज वगैरे काही आला नाही. आवाज त्या बाईचाच होता, पण बोलावणं नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

इथल्या नव्या पाळकाकडे गेले. त्याला आम्ही लॉन्ड्रीतल्या बायका 'कडक खळ' म्हणतो, कारण तो बसला तरी कपडे उभेच राहतात. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, आजी, नखं कापायला माझी हरकत नाही, फक्त प्रार्थना करू नका. मी म्हटलं, बेटा, तू मला उलटं सांगितलं असतंस तर निदान हसले असते.

कार्ड पाठव. नाहीतर कागद काढायला लाव.

आई


२१ जून

तुझ्या ऑफिसातून उत्तर आलं. टाइप केलेलं. 'आपले पत्र मिळाले, योग्य ती नोंद घेतली आहे.' कुणी कारकून असेल, त्याला माझा सलाम सांग. आईला 'आपले' म्हणणारा तो पहिलाच.

आता तुझी भेट-समिती काय करून गेली ते ऐक. तिघे आले. गळ्यात कार्डं. हातात यादी, यादीत खाटांचे नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे कोणती प्रार्थना वाचायची ते. यादी शुक्रवारी ऑफिसात टाइप झालेली, आणि आले शनिवारी. आता शनिवारी बायकांच्या वॉर्डात काय असतं ते लॉन्ड्रीतल्या कुठल्याही बाईला विचार. शनिवारी गाद्या उन्हात पडतात, फरशी धुतात, आणि बायकांना जिथे जागा असेल तिथे हलवतात. नऊ नंबरची बाई चारवर, चारची दारापाशी. एकतीस वर्षं हेच चाललंय. पण तिघांपैकी एकाने खाटेवरच्या बाईचं नाव विचारलं असतं तर ना.

पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालेली एक बाई, परवा घरी जाणार, नऊवर बसून केस विंचरत होती. तिघे तिच्या पायथ्याशी उभे राहिले आणि मरणाऱ्यासाठीची अख्खी प्रार्थना वाचली. पृथ्वीवरचा प्रवास संपला, आता विसाव्याला जा, सगळं. बाईच्या हातातून कंगवा पडला. नवऱ्याला बोलावून घेतलं, डॉक्टर माझ्यापासून लपवतायत म्हणून रडून रडून टाके सैल केले. आणि जी खरोखर चालली आहे, तिच्यापाशी चार नंबरला जाऊन त्यांनी बरं झाल्याबद्दल आभार मानले. वर सांगितलं, रविवारी येऊन मंडळीपुढे साक्ष द्या.

ती चार नंबरची तुला माहीत आहे. शिवणवाली. उपासनेच्या मेजावरचं पांढरं कापड तिनेच शिवलेलं, बारीक टाक्याचं. अजून तेच घालतात.

तिने त्या तिघांना म्हटलं, साक्ष राहू द्या, मला प्रभुभोजन हवंय, पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, जायच्या आधी एकदा. त्यांनी यादी पाहिली. मग दुसरी यादी पाहिली. मग म्हणाले, बाई, सभासदांत तुमचं नाव नाही. ती म्हणाली, माहीत आहे, ज्यांनी काढलं त्यांनाच विचारा. ते गेले.

हे सगळं मला कसं कळलं असं तुझ्या मनात आलं असेल. मी मागून जाते. लॉन्ड्रीच्या दाराने, चादरींची ढकलगाडी घेऊन. लिही तुझ्या फायलीत. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका आहेत तिथे, त्यांना नोटीस वाचता येत नाही, किंवा म्हणतात की येत नाही.

आता कामाचं. तिचं नाव काढलंस तू, इथे पाळक होतास तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी. नवरा गरम इस्त्री टेकवायचा तिला. ती निघाली आणि बटणवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. तो विधुर, ती एकटी, वर खोली, खाली दुकान, झालं. मंडळीला जिना मोजायला आवडतो. नवऱ्याचं नाव मात्र यादीत राहिलं. तो दर महिन्याला भोजन घेत होता, त्याच कापडावरून.

नियम तुझाच, ज्याने काढलं त्याने किंवा त्याच्या वरच्याने परत घ्यावं. आता तूच काढणारा आणि तूच वरचा. एक ओळ लिहायची आहे. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, तुझ्या बापाच्या वेळीही नाही. हे मागते.

आई


२८ जून

तुझ्या हातची दोन वाक्यं मिळाली. प्रकरण पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठेवता येईल. तत्पूर्वी संबंधित बाईंचं लेखी पश्चात्तापपत्र लागेल.

पुढच्या महिन्यात संबंधित बाई मातीत असतील. तू वाचतोस की नुसता सह्या करतोस?

तरी मी गेले. कागद नेला, पेन नेलं. म्हटलं, हट्ट नको, दोन ओळी सांग, मी लिहिते. ती हसली. हसली की तिला धाप लागते. म्हणाली, "लिहा. मी मार खाणं बंद केलं, त्याबद्दल मंडळीने मोठ्या मनाने क्षमा करावी."

मी ते लिहिलं. पाठवलं नाही. तुला पाठवून कारकुनाने नोंद घेतली असती.

आता एक गोष्ट सांगते. मागच्या पत्रात सांगितली नाही, मुद्दामच गाळली. ते पत्र लिहिण्याआधी एकदा मी तिच्या पायाची नखं कापत होते. पाय सुजलेत, बोटं एकमेकांना चिकटलीत, सावकाश कापावं लागतं. मी आपली तुझ्यावर तोंडसुख घेत होते. पोटचा पोर, पण दगड, असं काय काय. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, त्याला एकट्याला किती शिव्या घालाल? हात तुमचाही वर होता. दुसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला."

होता. तू पुढे उभा राहून विचारलंस, कोणाकोणाची संमती आहे, आणि मी हात वर केला. मला तिच्या दंडावरचे डाग माहीत होते. तिच्या पोलक्यांच्या बाह्या का लांब असतात हे सगळ्या मंडळीत मला एकटीला माहीत होतं, कारण ती एकदा वॉर्डात होती तेव्हा तिची चादर मी बदलली होती. तरी केला. का, तर पोरगा नवा पाळक झालाय, पहिलीच मोठी बैठक, त्याच्या आईचाच हात खाली राहिला तर लोक काय म्हणतील. मला वाटायचं आपण मुलाच्या पाठीशी उभ्या आहोत.

नेलकटर तिथेच थांबला. मी म्हटलं, तुला माहीत होतं, तरी पाय माझ्या मांडीवर ठेवलास? तर म्हणते, दुसरं कोण येतंय इथे.

मी म्हटलं, पाळकाला घेऊन येते, ओढून आणते. ती म्हणाली, "पाळक नको. ज्या हाताने मला बाहेर काढलं, त्याच हाताने आत घ्या. तुमचा चालेल."

मी उठून आले. ढकलगाडीही तिथेच विसरले. या वेळी राग कुणावर हे विचारू नकोस.

तू ये. गाडीने आठ तास लागतात. बैठक सोड, परवाना सोड, झगा घरी ठेव आणि ये. नाही आलास तर मी काय करणार आहे ते तुला सांगून ठेवत नाही, कारण सांगितलं की तू मनाईचा कागद पाठवशील.

आई


६ जुलै

तू आला नाहीस. मी केलं.

काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे पुढे चौकशीत कुणाला त्रास नको. मंगळवार, दुपारची वेळ, वॉर्डात चहा-पाव वाटून झालेला. द्राक्षाचा रस माझ्याकडे नव्हता, तो त्या 'कडक खळ' पाळकाच्या कपाटात कुलपात असतो. तिच्या ताटलीत पावाचा तुकडा होता आणि पेल्यात कोरा चहा, कोमट. मी हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, लॉन्ड्रीत धुवायचे तसे. देवाला म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी मी हिच्याविरुद्ध हात वर केला, ते माझं पाप आहे, हिचं नाही. हे मोठ्याने म्हटलं, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल असं, कारण हातही चारचौघांतच वर केला होता. मग पाव मोडला. तिला गिळता येत नव्हतं, म्हणून चहात भिजवून चमच्याने दिला. म्हटलं, हे त्याचं शरीर, तुझ्यासाठी. पुढचे शब्द मला नीट येत नाहीत, तुझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकले तरी. म्हणून म्हटलं, ये, बस, जागा आहे.

चहा हनुवटीवर ओघळला, मी टॉवेलने पुसला. ती म्हणाली, साखर कमी आहे. बस, एवढंच. तुमच्या पुस्तकांत असतं तसं तेज बीज काही पसरलं नाही.

गुरुवारी ती गेली.

खळ म्हणाला, सभासद नाही, मला येता येणार नाही, आजी, वरून परवानगी नाही. हे म्हणताना त्याचे डोळे लाल होते, ते मी पाहिलं. अजून नवा आहे, सुधारेल किंवा बिघडेल. गावाबाहेरच्या सरकारी जागेत पुरलं. बटणवाला होता, लॉन्ड्रीतल्या सहा जणी होत्या, पित्ताचा खडा काढलेली ती बाईही होती, जिवंत आणि ठणठणीत. प्रार्थना मी केली.

तुझ्या बापाला पुरताना मी तोंड उघडलं होतं. चाळीस वर्षांचा संसार, मला त्या माणसाबद्दल देवाला दोन शब्द सांगायचे होते. तू खांद्यावर हात ठेवलास आणि हळूच म्हणालास, "आई, ते माझं काम आहे." तू चांगलीच प्रार्थना केलीस, लोक रडले. पण त्यात तुझ्या बापाच्या घोरण्याचा, हट्टाचा, माझ्यासाठी रोज पहाटे पाणी तापवण्याचा एक शब्द नव्हता. तुझ्याशी बोलणं मी त्या दिवशी बंद केलं. तुला वाटत असेल घराच्या वाटणीवरून. घर घाल चुलीत.

या वेळी खांद्यावर कुणाचा हात नव्हता. मी तिच्याबद्दल सगळं सांगितलं, बाह्यांसकट.

आई


२० जुलै

कागद मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली, तुझ्या अक्षरातली. 'आई, फक्त सही कर, मी पुढचं सांभाळून घेईन.'

काय सही करायची, तर 'मी अशिक्षित व वयोवृद्ध असल्याने प्रभुभोजनाचा अधिकार कोणाला आहे याची मला कल्पना नव्हती, माझ्याकडून अज्ञानाने चूक घडली.'

तुला हे लिहिताना बरं वाटलं असेल. आईला वाचवतोय असं वाटलं असेल. नीट ऐक. मी दुसरी नापास आहे, खुळी नाही. अधिकार कोणाला आहे याची मला पुरेपूर कल्पना होती. म्हणून तर आधी तुला तीन पत्रं लिहिली. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, मग मी आत गेले. यात अज्ञान कुठे आहे ते दाखव.

पाळक नको असं मी कधी म्हटलं नाही. मंडळीला पाळक लागतो, जसा लॉन्ड्रीला मुकादम लागतो, नाहीतर पुरुषांच्या वॉर्डाच्या चादरी बाळंतिणींना जातील. पण मुकादमाने उद्या म्हटलं की माझ्या चिठ्ठीशिवाय कुणी कुणाच्या अंगावर चादर घालू नये, बाई कुडकुडत मेली तरी चालेल, तर त्या मुकादमाला आम्ही पिळून वाळत घातला असता. तुझा अधिकार चादरींच्या हिशेबावर आहे. थंडी वाजणाऱ्या बाईवर नाही.

चूक माझ्याकडून घडली, पण ती अकरा वर्षांपूर्वी. त्याचं पश्चात्तापपत्र हवं असेल तर देते. त्यावर तुझीही सही लागेल.

कागद बिनसहीचा परत पाठवते आहे. माझ्या चौकशीच्या बैठकीला येईन. तूही ये, माझ्याकडे बघून निकाल दे.

आई


९ ऑगस्ट

तू आला नाहीस. सर्दी झाली म्हणे. सूनबाईला सांग, वाफ दे.

तुझ्या जागी पाठवलेल्या गृहस्थांनी निकाल वाचला. एक वर्ष प्रभुभोजन बंद. कोणतीही सेवा करण्यास कायमची मनाई. लॉन्ड्रीचं दार आता आतून कुलूपबंद, तिथल्या बायकांना लेखी तंबी. संमतीसाठी हात वर करा म्हणाले तेव्हा सगळे वर झाले नाहीत, एवढं तुझ्या अहवालात आलं नसेल म्हणून कळवते. खळीचे दोन्ही हात खिशात होते. त्याच्या पँटला पहिल्यांदा सुरकुत्या पाहिल्या.

मी रडले नाही. घरी येऊन भांडी घासली, दोन फोडली.

मग चार दिवसांनी दवाखान्यावर गेले. पुढच्या फाटकाने, संध्याकाळी चार वाजता. चार ते सहा नातेवाइकांना सोडतात. त्या वेळेवर मंडळीचा हुकूम चालत नाही, ते दवाखान्याचं आहे. फक्त एक फॉर्म भरावा लागतो, रुग्णाचं नाव, खाट, रुग्णाशी नातं. सिस्टरकडून नावं घेतली होती, ज्यांच्याकडे कुणीच येत नाही अशांची. सातवर एक कापूस पिंजणारी आहे, डोळ्यांनी अधू. तिचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, बहीण. दुसऱ्या दिवशी बारा नंबर, बहीण. काल दारापाशी जमिनीवर गादी घातलेली एक, तिला तर खाटच नाही, तरी बहीण.

वॉचमनने काल मागचे सगळे फॉर्म चाळले. मग पेन कानामागे ठेवून म्हणाला, "आजी, तुम्हाला एकंदर बहिणी तरी किती?" मी म्हटलं, आईने सांगितलं नाही, एकेक सापडतेय. त्याने शिक्का मारला.

कार्ड नको आता मला. पाठवू नकोस.

पण तुझं वय वाढतंय, माझं तर वाढून झालं. एक दिवस मीही तिथे कुठल्या तरी खाटेवर असेन आणि सूनबाई तुला पाठवेल. शनिवारी येऊ नकोस, सापडायची नाही. इतर दिवशी चारला ये. अधीक्षक आहे म्हणालास तर वॉचमन बाहेरच बसवेल, पद लिहायला त्या फॉर्मवर जागा नाही. नातं विचारतो. काय लिहायचं ते ठरवून ये.

आई